ओटी बंद झाला की घर कशावर चालतं?

पाथर्डीफाटा | ११ जानेवारी, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहायचं मनात होतं, आज सेकंड शिफ्ट नाही म्हणून बसलोय.

मी नाशिकच्या अंबडला एका वेंडर कंपनीत (मोठ्या कंपनीला माल पुरवणाऱ्या) सीएनसी मशीनवर आहे, तेरा वर्षं झाली. घरात पाच माणसं: मी, बायको, दोन मुलं आणि आई. पगार हातात २७,५०० येतो. त्यावर ओटीचे, म्हणजे ओव्हरटाइमचे, आठ-नऊ हजार. कुणी पगार विचारला की मी 'छत्तीस' सांगायचो, आणि माझी मूळ चूक तीच. पाथर्डी फाट्याला वन बीएचके घेतला तो छत्तीसच्या हिशोबानं. १६ लाखांचं कर्ज, २० वर्षं, साडेआठ टक्के, हप्ता १३,८८५. मग गाडीचा हप्ता ३,२५०. मग मोबाइलचा १,९००. सगळं छत्तीसमध्ये बसत होतं.

मागच्या वर्षी मोठ्या कंपनीनं ऑर्डरी कमी केल्या. ब्लॉक क्लोजर (मधूनमधून काही दिवस काम बंद) सुरू झाले आणि ओटी एकदम बंद. आठवडाभरानं चालू होईल म्हणता म्हणता सात महिने गेले. २७,५०० मधून तीन हप्ते १९,०३५ चे. उरले ८,४६५. त्यात पाच माणसांचं महिनाभर जेवण, आईची बीपीची गोळी, लाईटबिल, गॅस. दुसऱ्या महिन्यापासून किराणा क्रेडिट कार्डावर आला.

कार्डाचं सविस्तर सांगतो, कारण आमच्या लाइनवर निम्म्या पोरांकडे ते आहे आणि स्टेटमेंट कुणी वाचत नाही. माझी बाकी ४२,००० झाली. बिलावर 'किमान देय' २,१०० लिहिलेलं. मी ते भरून निवांत. एका रविवारी बायकोनं स्टेटमेंट समोर ठेवलं आणि विचारलं, "दोन हजार भरले तर बाकी तेवढीच कशी?" महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे १,४७० रुपये व्याज. व्याजावर १८ टक्के जीएसटी, २६५ रुपये. २,१०० भरल्यावर बाकी कमी झाली ती फक्त ३६५ रुपयांनी. आणि जुनी बाकी असली की नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, आज घेतलेल्या साखरेवर आजपासून व्याज. त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्यानंतर आम्ही काय केलं ते क्रमानं सांगतो.

पोरीच्या जुन्या वहीची कोरी पानं होती. त्यात महिनाभर सगळं लिहिलं. मला वाटत होतं पैसे बाहेरच्या खाण्यात जातात. तसं नव्हतं. आमचं घर बुडत होतं ते वर्षातून एकदाच येणाऱ्या खर्चांनी. दोघांची शाळेची फी ३४,०००, वह्या-पुस्तकं-गणवेश ९,०००, दिवाळी १२,०००, गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग ४,५००, घरपट्टी-पाणीपट्टी ३,५००, गावची यात्रा आणि लग्नांचे आहेर ९,०००. बेरीज ७२,०००. म्हणजे महिन्याला ६,०००, जे मी कधी धरलेच नव्हते. जून दरवर्षी येतो, तरी दरवर्षी जूनमध्ये आमची धावपळ व्हायची.

कार्ड फिटलं ते बायकोमुळे. तिची भिशी होती, वीस जणी, दोन-दोन हजार, आणि ब्लॉक क्लोजरमध्येही ती फॉल-पिकोच्या पैशातून तिनं चालू ठेवली होती. चिठ्ठी निघाली, ४०,००० आले. त्यातून तिला मंगळसूत्र वाढवायचं होतं. तिनं ते कार्डात भरले. मी कार्ड बंद करून टाकलं.

पुढे गाडीचा हप्ता संपला. ते ३,२५० आम्ही मोकळे होऊ दिले नाहीत, त्याच तारखेला आरडीत (दरमहाच्या ठेवीत) जातात. ओटी आता परत चालू झालाय, पाच-सहा हजार मिळतो. घरातला नवा नियम असा की ओटी घरात येत नाही. तो वेगळ्या बँकेत, ज्याला यूपीआय जोडलेलं नाही आणि ज्याचं एटीएम कार्ड आईच्या लोखंडी कपाटात आहे. आई त्याला मृतसाठा म्हणते. गंगापूर धरणात पाणी कितीही खाली गेलं तरी तळातलं सहजी काढत नाहीत, तसं. घर २७,५०० आणि बायकोच्या शिलाईवरच चालवायचं.

मृतसाठ्यात सध्या ५८,००० आहेत. तीन महिन्यांचा खर्च ७५,००० धरलाय, तो गाठला की पुढे काय करावं हे कळत नाही. कर्जात जादा भरू, पीपीएफ उघडू, का विमा घेऊ? जाणकारांनी सांगावं. आणि ज्यांच्याकडे असाच ओटीचा पगार आहे त्यांनी आपलंही लिहावं.

पंचवटीची_लेक | ११ जानेवारी, रात्री ११:०२

दादा, वहिनींना माझा नमस्कार सांगा. मंगळसूत्राचे पैसे कार्डात भरायला काळीज लागतं.

भिशीबद्दल मात्र एक सांगते. आमच्या गल्लीतली भिशी बारा वर्षं सुरळीत चालली. तेराव्या वर्षी एकीनं दुसऱ्याच महिन्यात उचलली आणि तीन महिन्यांनी घर बदलून गेली. आम्ही उरलेल्या अठरा जणींनी तो खड्डा भरला. चिठ्ठीची भिशी ही ओळखीवर चालते, कागद काही नसतो. ज्यांच्या घरी आपण बारशाला गेलोय तेवढ्यांचीच ठेवा आणि रक्कम लहान ठेवा. लिलावाच्या भिशीत तर पडूच नका, तिथे गरजू बाई सगळ्यात जास्त तोटा सोसून उचलते.

सोन्याचं माझं मत वेगळं आहे. लोक सोन्याला नावं ठेवतात, पण माझ्या सासऱ्यांच्या बायपासला बारा तासांत पैसे उभे राहिले ते दोन बांगड्या तारण ठेवून. फक्त दागिना आणि बचत यांत गल्लत करू नका. सराफ बाजारात दागिना घेताना घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी जातो, मोडताना घडणावळ परत मिळत नाही. बचत म्हणून घ्यायचं तर वळं किंवा नाणं घ्या, हॉलमार्क बघून. आणि पावती दागिन्याच्या डबीत ठेवू नका. आमच्याकडे पुराचं पाणी घरात आलं तेव्हा डबी सापडली, पावतीचा लगदा झाला होता.

पासबुकवाला_काका | १२ जानेवारी, सकाळी ६:४०

मी नाशिकरोडला राहतो, बँकेत ३४ वर्षं काढली. पाथर्डीफाटा, तुमचा धागा दोनदा वाचला. तुम्ही विचारलंत तीनपैकी काय. माझं उत्तर: आधी विमा. मृतसाठा ७५,००० होईपर्यंत थांबूसुद्धा नका.

घरात कमावता माणूस एक, खाणारे पाच, डोक्यावर कर्ज. उद्या तुम्हाला काही झालं तर बँक फ्लॅट बघेल, मुलांची फी बघणार नाही. साधा टर्म प्लॅन (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा) घ्या, वर्षाच्या उत्पन्नाच्या दहा ते पंधरा पट. तुमच्यासाठी ४०-५० लाख. पैसे परत मिळणारी पॉलिसी कुणी गळ्यात मारायला आलं तर नम्रपणे चहा पाजून पाठवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्यावरचा जीएसटी निघालाय, पूर्वी टर्मच्या हप्त्यावर १८ टक्के जायचे. फॉर्ममध्ये तंबाखू, बीपी, जुनी आजारपणं, काही लपवू नका. लपवलेलं क्लेमच्या वेळी बाहेर येतं आणि तेव्हा ते सोसायला तुम्ही नसता, घरचे असतात.

तोवर बँकेत जाऊन दोन सरकारी विमा योजनांचे फॉर्म भरा. जीवन ज्योती, वर्षाला ४३६ रुपये, २ लाखांचं आयुर्विम्याचं कवच. सुरक्षा विमा, वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख. दोन्हींचं वर्ष १ जूनला सुरू होतं. मे अखेरीस खात्यात तेवढे पैसे नसले तर विमा बंद पडतो आणि घरच्यांना पत्ताही नसतो. माझ्या काउंटरवर अशा दोन विधवा येऊन रिकाम्या हातानं गेल्यात. ते चेहरे मी विसरलेलो नाही, म्हणून हे इतकं लिहितोय.

आणखी एक, कामगारांना हे कुणी सांगत नाही. पीएफ कापला जातो त्याच्यासोबत ईडीएलआय नावाचा विमा असतो. कामगाराच्या खिशातून एक रुपया जात नाही आणि नोकरीत असताना मृत्यू झाला तर वारसाला ७ लाखांपर्यंत मिळतात. पण पीएफचा नॉमिनी कोण आहे ते आज रात्री बघा. लग्नाआधी भरलेलं नामनिर्देशन लग्नानंतर चालत नाही, नवं करावं लागतं.

सातपूर_जुना | १२ जानेवारी, दुपारी १:१०

काकांचा मान ठेवून, मला वेगळं वाटतं. डोक्यावरचं कर्ज उतरवा आधी. मी सातपूरला पस्तीस वर्षं राहतोय, बंद पडलेले कारखाने आणि जप्त झालेली घरं डोळ्यांनी बघितलीत. १६ लाखांवर पहिल्या महिन्याच्या हप्त्यातले ११,३३३ रुपये व्याजात जातात, मुद्दल फिटते २,५५२. वीस वर्षांत १६ चे ३३ लाख भरणार. दरवर्षी एकच हप्ता जास्तीचा भरला तर कर्ज सव्वातीन-साडेतीन वर्षं आधी संपतं. यापेक्षा चांगला परतावा खात्रीनं कुठे मिळेल?

पासबुकवाला_काका | १२ जानेवारी, दुपारी ३:२५

हिशोब बरोबर आहे. आणि बदलत्या दराच्या गृहकर्जावर व्यक्तीला मुदतपूर्व फेडीचा दंडही नसतो, कुणी मागितला तर रिझर्व्ह बँकेचा नियम दाखवा. फक्त क्रम पाहा. विमा, मृतसाठा, मग जादा हप्ता.

पाथर्डीफाटा | १२ जानेवारी, रात्री ११:४०

सातपूर दादा, मनातून मलाही कर्जच आधी फेडावंसं वाटतं. पण त्या सात महिन्यांत एक गोष्ट शिकलो. कर्जात भरलेला पैसा मला मागता येत नव्हता. दोन वर्षांपूर्वीचा दिवाळी बोनस मी मोठ्या अभिमानानं कर्जात भरला होता, २१,०००. ब्लॉक क्लोजरमध्ये तेच २१,००० हातात असते तर कार्ड उघडावं लागलं नसतं. फ्लॅटची भिंत विकून किराणा येत नाही. म्हणून आधी ७५,०००, मग तुमचं म्हणणं.

काका, पीएफचं उद्या बघतो. यूएएनचा (पीएफ खात्याच्या नंबरचा) पासवर्ड विसरलोय.

निफाडची_बाग | १३ जानेवारी, पहाटे ५:५०

राम राम. तुम्हाला सात महिने ओटी नव्हता, आम्हाला पगारच वर्षातून एकदा. पण धागा वाचून आपलीच गोष्ट वाटली म्हणून लिहितो.

साडेतीन एकर द्राक्षबाग आहे. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी, माल निघतो जानेवारी ते मार्च. पैसा जातो मात्र बारा महिने. औषधं, खतं, पेठ-सुरगाण्याहून येणाऱ्या मजुरांची मजुरी. पूर्वी माल गेला की एकदम पाच-सहा लाख खात्यात दिसायचे आणि आपण श्रीमंत झालो असं वाटायचं. एप्रिलमध्ये लग्नसराई, मे महिन्यात ट्रॅक्टरची ट्रॉली, आणि ऑगस्टात दुकानदाराकडे औषधं उधार. उधारीचं औषध रोखीपेक्षा महाग पडतं, आणि उधारी असली की तो देईल तेच औषध घ्यावं लागतं.

तीन वर्षांपासून असं करतो. माल विकला की पहिल्यांदा पीककर्ज मुदतीत भरतो. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज ७ टक्क्यांनी मिळतं, मुदतीत फेडलं की केंद्राची ३ टक्के सूट मिळून ४ टक्केच पडतं. चार दिवस उशीर झाला तरी ती सूट जाते. मग दोन्ही छाटण्यांचा खर्च बाजूला. मग जे उरतं त्याच्या बारा एफडी करतो, दर महिन्याला एक सुटेल अशा. पंचवीस-पंचवीस हजारांच्या. दर महिन्याच्या एक तारखेला एक एफडी सुटते, तोच आमचा पगार. मंडळीला विचारलं तर ती म्हणते आयुष्यात पहिल्यांदा महिन्याचा खर्च ठरवून करता येतोय.

आणि व्यापाऱ्याचं. एका वर्षी दोन गाड्या माल नेला, २ लाख ८० हजार, आणि फोन बंद. तेव्हापासून निम्मे पैसे गाडी भरायच्या आधी आणि बाकी काट्यावर. किलोमागं दोन रुपये कमी मिळाले तरी चालतील. ते २ लाख ८० हजार अजून आले नाहीत.

पंचवटीची_लेक | १३ जानेवारी, सकाळी ९:१५

बारा एफडींची कल्पना माझ्या भावाला पाठवली. त्याचा मंडप-डेकोरेशनचा धंदा आहे, त्याचंही असंच चार महिन्यांचं उत्पन्न.

पासबुकवाला_काका | १३ जानेवारी, सकाळी ११:००

निफाडकर, उत्तम. दोन गोष्टी जोडतो. एक, या एफडी बँकेतच असू द्या. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळाकडून दर खातेदाराला दर बँकेमागे मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत मिळतात. २०२० पूर्वी हे १ लाखच होतं. सहकारी बँकाही यात येतात, पण पतसंस्था येत नाहीत. नावात काहीही असलं तरी विचारा, "तुम्हाला रिझर्व्ह बँकेचा परवाना आहे का?" आमच्या शेजाऱ्यांनी निवृत्तीचे पैसे दोन टक्के जास्त मिळतात म्हणून एका पतसंस्थेत ठेवले. सहा वर्षं झाली, अजून चकरा मारतायत.

दुसरं, टर्म विमा घ्याल तेव्हा तो १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या संपत्ती कायद्याखाली घ्या. मग ती रक्कम बायको-मुलांचीच राहते, देणेकऱ्यांना त्यावर हात टाकता येत नाही. धंदेवाल्याला आणि बागायतदाराला हे फार कामाचं आहे. पॉलिसी घेतानाच ती खूण करावी लागते, नंतर होत नाही.

गंगापूररोड_२६ | १३ जानेवारी, रात्री ९:३०

मी सव्वीस वर्षांची, दोन वर्षांपूर्वी पुण्याहून परत आले, घरून काम करते. ४८,००० मिळतात, घरभाडं नाही, तरी महिनाअखेरीस काही नसतं. ऑफिसमधले सगळे शेअर बाजारात ऑप्शन्स (वायद्याचे सौदे) करतात. एक जण म्हणतो महिन्याला पगाराएवढे निघतात. मी गेल्या महिन्यात ११,००० घालवले. सिंहस्थ कुंभमेळ्याआधी प्लॉट घे असं मामा म्हणतात. मी काय करू?

सातपूर_जुना | १३ जानेवारी, रात्री १०:०५

बेटा, ऑप्शन्स थांबव. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीचा सप्टेंबर २०२४ चा अहवाल आहे, तीन वर्षांच्या आकडेवारीवरचा. वायदा बाजारातल्या दर शंभर वैयक्तिक व्यवहारकर्त्यांपैकी ९३ तोट्यात. तुझा सहकारी फायद्याचा दिवस सांगतो, तोट्याचे सांगत नाही.

प्लॉटचं म्हणशील तर सिंहस्थाच्या नावावर दर बारा वर्षांनी हेच होतं. सातबाऱ्यावर सामाईक नावं, एनए (बिगरशेती) नाही, रस्ता कागदावर. कर्ज काढून तर मुळीच नको.

पाथर्डीफाटा | १३ जानेवारी, रात्री ११:५०

ताई, माझं शिक्षण बारावी-आयटीआय, तुला गुंतवणूक शिकवायची माझी लायकी नाही. पण वहीचं सांगू शकतो. एक महिना लिही, फक्त लिही, काही कमी करू नको. आणि पगार आला त्याच दिवशी दहा हजार दुसऱ्या खात्यात टाक, महिनाअखेरची वाट बघू नको. उरलेले टाकीन असं मी तेरा वर्षं म्हणत होतो.

गंगापूररोड_२६ | १३ जानेवारी, रात्री ११:५८

वही नाही, पण फोनमध्ये सुरू केलं. पीपीएफबद्दल कुणी सांगेल?

पासबुकवाला_काका | १४ जानेवारी, सकाळी ७:०५

पंधरा वर्षांचं खातं, वर्षाला कमीत कमी ५०० आणि जास्तीत जास्त दीड लाख, व्याज सध्या ७.१ टक्के, करमुक्त. पोस्टातही उघडतं. महिन्याच्या ५ तारखेच्या आत भरा. व्याज ५ तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या कमीत कमी शिलकीवर धरतात, सहाला भरलं तर त्या महिन्याचं गेलं. तुमच्या वयाला सगळं यातच घालू नका, थोडं इंडेक्स फंडाच्या (बाजाराच्या निर्देशांकामागे चालणाऱ्या म्युच्युअल फंडाच्या) एसआयपीत, म्हणजे दरमहाच्या हप्त्यात, असू द्या, पण पडत्या बाजारात झोप लागेल एवढंच. संक्रांतीच्या शुभेच्छा सगळ्यांना.

निफाडची_बाग | १४ जानेवारी, रात्री ८:२०

एक विचारायचं होतं. हातउसन्याचं काय करता? माल गेला की भाऊबंद येतात. नाही म्हणवत नाही.

पंचवटीची_लेक | १४ जानेवारी, रात्री ९:००

आमच्याकडे वर्षाला पंधरा हजार त्यासाठी वेगळे असतात. ते संपले की "या वर्षीचं संपलं, पुढच्या वर्षी बघू" असं सांगते. खरं असतं म्हणून सांगताना आवाज कापत नाही. आणि दवाखान्याला देते, लग्नाच्या मंडपाला देत नाही.

पाथर्डीफाटा | १८ जानेवारी, रात्री १०:३०

आठवडाभर धावपळ होती, म्हणून उशीर. टर्मचा फॉर्म भरला, ५० लाखांचा. बायकोसमोर बसून भरला, तंबाखू खातो हेही लिहिलं. हप्ता थोडा वाढला. जीवन ज्योती आणि सुरक्षा दोन्ही झाले, बायकोच्या खात्यावरही.

काका, तुम्ही पीएफचं म्हणालात ते आज बघितलं. नॉमिनीच्या जागी माझ्या वडिलांचं नाव होतं. कंपनीत लागलो तेव्हा भरलं होतं, लग्नाच्या दोन वर्षं आधी. वडील जाऊन चार वर्षं झाली. इतकी वर्षं पीएफ कापला जात होता आणि मी ते पान एकदाही उघडलं नव्हतं.

आईला सांगितलं तर ती काही बोलली नाही. थोड्या वेळानं उठून तिनं कपाटातनं सुनेचं आणि नातवंडांचं आधार काढून आणलं. मी तिचंही नाव घालत होतो, चौघांत वाटून. ती म्हणाली, "माझं राहू दे, तिघांचंच कर." मी तरी चौघांचं केलं. ओटीपी आला, ई-साइन झाली, पावती काढून वहीत चिकटवली.

बँकेतही जायचंय. तिथे १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार नॉमिनी लावता येतात असं काउंटरवरच्या बाईंनी सांगितलं. मंगळवारी फर्स्ट शिफ्ट आहे, सुटल्यावर जाईन.